हुशार पोर आणि गल्ला

आपल्या कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत एक अलिखित वाटणी फार जुनी आहे. घरात दोन मुलगे असले आणि त्यांतला एक शाळेत हुशार निघाला, की त्याचा पासपोर्ट निघतो. दुसरा, जो नववीत दोनदा बसला, त्याला दुकानावर बसवतात. 'ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही, धंदा तरी करू दे,' हे वाक्य आम्ही दासगावात, महाडात, पोलादपुरात आणि खाडीपलीकडच्या गावांत लहानपणापासून ऐकत आलो. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यातला उलटेपणा कोणाला खटकत नाही. कोणता माल किती भरायचा, उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला गोड बोलून टाळायची, भाव पडला तर काय करायचे, पावसाळ्याचे चार महिने कसे काढायचे, असे रोज पन्नास निर्णय ज्या कामात घ्यावे लागतात, ते काम आपण ज्याचा हिशेब कच्चा आहे त्याच्या हाती देतो. आणि ज्याचा हिशेब पक्का आहे, त्याला दुसऱ्याच्या गोदामात याद्या लिहायला कुवेतला, कतारला धाडतो.

आखाताच्या पैशाला नावे ठेवण्याचा आमचा इरादा नाही. त्या पैशाने आमच्या मोहल्ल्यातली कौले बदलली, बहिणींची लग्ने झाली, मशिदीला मिनार आले, शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या. आमच्यातल्या एकाची तर सत्तावीस वर्षे तिकडे गेली. पण त्या पैशाने गावात चार माणसांना रोजी देणारे काम किती उभे राहिले, असा प्रश्न विचारला तर बोटे मोजायला हात पुरून उरतो. घरे मात्र भरपूर उभी राहिली. त्यांतली पुष्कळशी बंद आहेत. मे महिन्यात वीस दिवस उघडतात, मग पुन्हा कुलूप.

'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. आम्ही चौघे आहोत: एक निवृत्त मास्तर, एक आखातातून परतलेला इलेक्ट्रिशियन, एक किराणा दुकानदार आणि एक पोस्टातून निवृत्त झालेला. असरच्या नमाजानंतर एका ओटीवर बसणारी ही मंडळी. लिहिणारा हात एकाचा, पण यातली वाक्ये चौघांची भांडून ठरलेली आहेत.

दासगावला धंदा नवा नाही. सावित्री नदी महाडहून खाली येते ती इथे खाडी होते, आणि मोठ्या गलबतांना महाडपर्यंत पाणी पुरत नसे. त्यामुळे एके काळी महाडच्या पेठेचा माल चढायचा-उतरायचा तो दासगावच्या बंदरात. मीठ, तांदूळ, लाकूड, कपडा. मुंबईहून आगबोटी यायच्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या दुसऱ्या परिषदेसाठी आले ते बोटीने ह्याच बंदरात उतरले, आणि महाडात परिषदेच्या मांडवाला जागा मिळत नव्हती तेव्हा ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. ही गोष्ट आपल्या लोकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. असो. सांगायचे ते बंदराबद्दल. त्या काळी नाखुद्याचा मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की बापाबरोबर गलबतावर जायचा. वारा, भरती-ओहोटी, सुकाणू हे तर शिकायचाच, पण त्याबरोबर नूर किती घ्यायचा, बंदरावरच्या दलालाशी कसे बोलायचे, भिजलेल्या मालाचा तोटा कोणाच्या अंगावर, हेही तो पाहून-करून शिकायचा. मुंबईतल्या रोग्यांसारख्या कोकणी मुसलमान घराण्यांनी जहाजांवर जे नाव कमावले ते काही वहीत वाचून नव्हे. बंदर गाळाने भरले, रस्ता आला, गलबते गेली. गलबताबरोबर ही शाळाही गेली. तिच्या जागी दुसरी आली ती पाठ करण्याची.

२००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा आपल्याकडे त्यावर खूप चर्चा झाली. नोकऱ्यांतल्या टक्क्यांबद्दल सगळे बोलले. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती. पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या लहानसहान धंद्यावर पोट भरणाऱ्यांचे प्रमाण मुसलमानांत इतरांपेक्षा जास्त आहे, आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत कमी पोहोचते. म्हणजे धंदा आपण करतोच. गादी, गॅरेज, मटण, भंगार, बेकरी, फळांची गाडी, सगळे करतो. धंदा शिकवण्याची गोष्ट म्हणून मात्र आपण त्याच्याकडे कधी पाहिलेच नाही, आणि शिकवायचा तर वर्गातल्या पहिल्या पाच मुलांना शिकवावा, हे तर मुळीच सुचले नाही.

हा विचार आमच्या ओटीवर पक्का झाला तो एका दासगावच्याच मुलाची गोष्ट वाचून. रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३ चा, लाडवलीचा. शिक्षण दासगावच्या शाळेत. अस्पृश्य मानलेल्या जातीतला मुलगा, आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झालेला. महाडच्या इंग्रजी शाळेने त्याला प्रवेश नाकारला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, ते छापून आले, आणि शाळेला त्याला घ्यावे लागले, जरी वेगळे बसवून. पुढे हेच मोरे १९२७ च्या महाड परिषदेच्या मुख्य कार्यकर्त्यांत होते आणि नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले. पण आमचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर अडले. महाडच्या बाजाराला दूरदूरच्या वाड्यांतून दलित माणसे यायची आणि त्यांना पाण्याचा घोट मिळत नसे. मोऱ्यांच्या पुढाकाराने तिथे त्यांच्यासाठी चहाचे दुकान निघाले. बाजाराला आलेली माणसे तिथे टेकू लागली, बोलू लागली, आणि परिषदेच्या बऱ्याच गोष्टी त्या बाकड्यांवर ठरल्या.

मोरे नफ्याच्या बाजूचे माणूस नव्हते; त्यांना आम्ही व्यापारी ठरवू पाहत नाही. पण बाजारात माणसाची कोणती गरज अडली आहे ते ओळखायचे आणि ती भागवणारी जागा स्वतः उभी करायची, हे काम त्यांनी केले. धंद्यातली पहिली अक्कल हीच. ती शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या डोक्याला सुचली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटले.

मग दासगावातल्या आजच्या शिष्यवृत्तीवाल्या पोरांचे काय? २५ जुलै २००५ ची रात्र इथे कोणी विसरलेले नाही. दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर डोंगर उतरले आणि दोनशेच्या आसपास माणसे गेली. वाचलेली कुटुंबे कित्येक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. जुलै २०२१ मध्ये महाडात पाणी भरले ते दुकानांच्या छतांना लागले; त्याच पावसात तळियेवर दरड आली. अशा मुलखात आईबाप मुलाला म्हणतात, 'शीक आणि निघ.' त्यांना दोष कोण देणार? आम्ही देत नाही. पण सगळी चालती डोकी निघून गेली तर मागे राहिलेल्यांसाठी पुन्हा उभे करणारे कोण, हा प्रश्न २०२१ च्या चिखलानंतर आमच्या ओटीवरून हलेना.

शेवटी २०२२ च्या एप्रिलमध्ये, नववीची परीक्षा संपल्यावर, आम्ही आठ मुले गोळा केली. पाच मुली, तीन मुलगे. निवड मार्कांवर केली नाही, तरी मार्कांतही ती पुढेच निघाली. मास्तरांनी एकच कसोटी लावली: बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब कागदाशिवाय कोण सांगतो, आणि बिघडलेली वस्तू कोण उघडून बघतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी जे काम केले, त्यात चाचण्या असतात, शास्त्र असते. आमच्याजवळ मास्तरांची चाळीस वर्षांची नजर होती. एक मुलगा तर मोहल्ल्यातल्या प्रत्येक सायकलचा शत्रू होता. उघडायचाच, पण परत बसवायचाही.

भांडवल अडीच हजार रुपये. ते कसे द्यायचे यावर चौघांत दोन संध्याकाळी गेल्या. एकाचे म्हणणे, सदका समजून देऊन टाकू. दुकानदार ताडकन म्हणाला, 'फुकटच्या पैशाला कोणी जपत नाही.' मग कर्जे-हसना ठरले: व्याज नाही, पण मुद्दल परत करायचे, आणि त्याची वही ठेवायची. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी माणशी २००० रुपये देण्याचा उपक्रम सुरू झाला होता, त्याचीही चर्चा झाली. आम्हाला माणशी तीनशे साडेबाराच परवडत होते. जागा म्हणून एका बंद घराची पडवी मिळाली. मालक कुवेतमध्ये, फोनवर म्हणाले, 'वापरा की, माझे काय जाते.'

माल कोणता, ते मुलांनीच ठरवले. कोकम सरबत. एप्रिल-मे म्हणजे रातांब्यांचा हंगाम. महामार्ग गावातून जातो. मुंबईकर सुट्टीला येतात. वीस किलो रातांबे, चाळीसच्या भावाने ८०० रुपये. साखर वीस किलो, ८८०. प्लास्टिकच्या चाळीस बाटल्या, ३६०. जिरे, मीठ, चिठ्ठ्या मिळून १००. एकूण २१४०. रातांबे धुऊन, पुसून, फोडून, बिया काढून साली साखरेत घातल्या आणि बरण्या उन्हात ठेवल्या. आठ-दहा दिवसांनी अर्ध्या लिटरच्या चाळीस बाटल्या भरल्या. भाव ७० रुपये. पोरे हवेत होती. चाळीस गुणिले सत्तर अठ्ठावीसशे, नफा ६६०, हे त्यांनी बाटल्या भरण्याआधीच पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले होते.

विक्री झाली. तेहतीस बाटल्यांचे पैसे आले, २३१०. पाच बाटल्या पाहुण्यारावळ्यांत गेल्या, कारण खालाजानला पैसे कसे मागायचे. दोन फसफसल्या, एक तर रात्री झाकण उडवून भिंतीवर चढली. बरणी ओली राहिली असेल किंवा त्या बरणीत साखर कमी पडली असेल, म्हणून मुले विज्ञानाच्या बाईंकडे गेली आणि आंबणे म्हणजे काय ते प्रथमच स्वतःच्या गरजेने शिकून आली. नफा राहिला १७० रुपये. आठांत वाटला तर माणशी सव्वाएकवीस.

दुसऱ्या दिवशी आठांतली एक मुलगी वही घेऊन आली. तिने सगळा हिशेब नव्याने मांडला होता. ती म्हणाली, 'हे १७० पण खोटे आहेत. रातांबे फोडायला माझी अम्मी होती, दादी होती, शेजारच्या दोघी होत्या. चौघी दोन दिवस बसल्या. दोनशे रुपये रोज धरला तरी सोळाशे होतात. ते कुठे आहेत?'

तिची आई तिथेच होती. तिला ओशाळल्यासारखे झाले. 'घरच्या कामाची कसली गं मजुरी?'

'घरच्या कामाची नाही अम्मी. विकायच्या बाटलीची.'

बाटली विकली ७० ला आणि पडली होती साडेत्र्याण्णवला. पडवीत कोणी बोलेना. आमच्यातला दुकानदार, ज्याने तीस वर्षे गल्ला सांभाळला आहे, तो चष्मा पुसत बसला. आपल्याकडची किती दुकाने, किती खानावळी, किती शेवयांचे आणि पापडांचे घरगुती धंदे ह्याच खोट्या नफ्यावर चालतात, हे त्या क्षणी आम्हा सगळ्यांना दिसले. घरातल्या बायकांची मेहनत हिशेबात धरली नाही की कोणताही धंदा चालतो असे वाटते. पंधरा वर्षांच्या पोरीने ते चार म्हाताऱ्यांना वहीवर दाखवले. हुशार डोके गल्ल्यावर बसवण्याचा फायदा काय, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही ते पान दाखवतो. झेरॉक्स काढून ठेवली आहे.

दुसरी खेप मेच्या मध्याला निघाली. ह्या वेळी सायकलींचा तो शत्रू कामाला आला. रातांबा अर्धा चिरून बी बाहेर ढकलणारे एक हातयंत्र त्याने महाडच्या एका वेल्डरकडे बसून बनवले. पहिले मोडले, दुसरे चालले. वेल्डरने मजुरीऐवजी त्याच्याकडून दोन दिवस घासकाम करून घेतले, आणि ते त्याचे सगळ्यांत मोठे शिक्षण झाले असे तो सांगतो. चौघींचे काम दोघींत भागले. दोन दिवसांचे ८०० रुपये ठरले. विक्री झाल्यावर ते पाकिटात घालून द्यायचे. बाटल्या काचेच्या घेतल्या, भाव ११० केला, आणि गिऱ्हाईक बदलले: महामार्गावर उभे राहण्याऐवजी सुट्टी संपवून मुंबईला निघालेल्या घरांत जायचे. चिठ्ठीवर गावाचे नाव मोठे लिहिले. परगावी राहणारा माणूस गावाच्या नावाला पैसे मोजतो, हे त्यांना आम्ही सांगितलेले नाही. खर्च ३२२०, अडतीस बाटल्यांचे ४१८०. दोन बाटल्या मुद्दाम ठेवल्या, किती महिने टिकतात ते पाहायला. पाहुण्यांना एकही नाही. नफा ९६०. ज्या बिया पहिल्या खेपेला उकिरड्यावर गेल्या होत्या त्या दादीने वाळवून ठेवायला लावल्या. त्यांपासून मुठेल निघते, थंडीत फुटलेल्या टाचांना लावायचे. त्याचा हिशेब वेगळ्या पानावर.

दोघी बायांना पैशाची पाकिटे दिली तेव्हा त्यांतल्या एकीने ते पाकीट उघडले नाही. पदरात बांधून घेऊन गेली.

ह्याच सुमारास आम्ही पाबळला जाऊन आलो. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले हे गाव. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. माणूस अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेला; ते सोडून दुष्काळी गावात येऊन बसला. शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचे, ही त्यांच्या योजनेची मांडणी. आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाने मान्य केला. त्यात शेती व पशुपालन आहे, वर्कशॉप आहे, ऊर्जा व पर्यावरण आहे, गृह व आरोग्य आहे. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटल्या. एक म्हणजे शिकवायला गावातलाच कसबी माणूस घ्यायचा. दुसरी म्हणजे मुलांनी गावाची खरी कामे घ्यायची आणि त्यांचे पैसे लावायचे. कोणाच्या दाराला कडी, कोणाच्या घराला वायरिंग, कोणाला रोपे. शाळेत बनवलेले गेट कोणाच्या तरी अंगणात लागते, आणि वाकडे लागले तर तो माणूस शाळेत येऊन भांडतो.

हे भांडणे फार महत्त्वाचे आहे. हाताने काम शिकवायची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेनंतर जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. पुढे राष्ट्रपती झाले तेच. उद्योगातून शिक्षण, असा त्या समितीचा अहवाल. मुस्लिम लीगने त्या योजनेला विरोध केला, आणि पुढे काँग्रेसच्या राज्यातही ती हळूहळू टकळीच्या एका तासावर येऊन थांबली. आमचे मास्तर लहानपणी टकळी फिरवलेले आहेत. त्यांचे म्हणणे असे की ते सूत कोणीच विकत घेत नव्हते. चांगले कातले काय नि वाईट कातले काय, ते एका पेटीत जायचे. गिऱ्हाईक नसलेल्या उद्योगाचा तास होतो, धंदा होत नाही. आज शाळांत 'बाल आनंद मेळावा' भरतो, त्याचेही तेच. आईने घरून भेळ करून द्यायची, बापाने शाळेत येऊन ती विकत घ्यायची, आणि मुलाने फोटो काढून घ्यायचा. त्या दिवशी सगळेच नफ्यात असतात. ज्या बाजारात कोणीच बुडत नाही तो कसला बाजार?

कोणी म्हणेल, ही बालमजुरीच झाली. हा आक्षेप आमच्यावर मशिदीच्या दारातच घेतला गेला. तो चुकीचाही नाही. आपल्या समाजातली पोरे गॅरेजात आणि बेकरीत कोणत्या वयात जातात ते आपल्याला ठाऊक आहे. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली; चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. आमची मुले पंधराची होती, सुट्टीत होती, आणि कोणाच्या कामावर नव्हती. वही त्यांची, भाव त्यांचा, नुकसान त्यांचे. गॅरेजातल्या पोराला पान्याचा नंबर कळतो, मालकाचा हिशेब कळत नाही. फरक आम्हाला तिथे दिसतो.

आठही जण धंदेवाले झाले असे मात्र मुळीच नाही. दहावीचे वर्ष लागताच पाच घरांतून निरोप आला, 'आता पुरे.' एक मुलगा स्वतःच म्हणाला की त्याला लोकांच्या दारात जाऊन विकायला आवडत नाही. तो डिप्लोमाला गेला. सायकलवाला आयटीआय करून आता त्या वेल्डरच्या शेजारी स्वतःचा गाळा बघतो आहे. राहिली ती वहीवाली.

तिची कहाणी सरळ नाही. तिचे अब्बा कुवेतमध्ये वीस वर्षे स्टोअरकीपर. दहावीला ती डिस्टिंक्शनमध्ये आली, तेव्हा सायन्स घेऊन पुढे मोठे काही करणार असे त्यांनी गृहीत धरले होते. तिने कॉमर्स मागितले, महाडात, आणि मे महिन्याचे काम चालू ठेवणार असे सांगितले. फोनवर ते एवढेच म्हणाले, 'एवढी शिकलेली पोर बाटल्या विकणार? लोक काय म्हणतील?' आमच्यातल्या एकाने बीबी खदिजांचे नाव काढले. मक्क्यातल्या सगळ्यांत मोठ्या व्यापाऱ्यांत त्या होत्या, आणि आपल्या रसूलुल्लाहंनी त्यांचा माल घेऊन शामपर्यंत व्यापार केला होता. अब्बा म्हणाले, 'ते मला ठाऊक आहे, मास्तर. पण मोहल्ल्याला ठाऊक नाही.' ह्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

मुलीने वाद घातला नाही. दोन हंगामांच्या वहीच्या पानांचे फोटो काढून तिने त्यांना मोबाईलवर पाठवले. दोन दिवस काही आले नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आले, त्यात परवानगीही नव्हती आणि नकारही नव्हता. लिहिले होते: 'शिल्लक मालाचा रकाना कुठे आहे? रिकाम्या बाटल्या किती उरल्या ते लिहिलेले नाही.' वीस वर्षे दुसऱ्याच्या गोदामात याद्या लिहिणाऱ्या माणसाने लेकीच्या गोदामाची यादी तपासली होती. तिने रकाना घातला. तेव्हापासून दर महिन्याला एक पान कुवेतला जाते आणि दुरुस्त होऊन येते. बाजारात दासगावच्या वर्गातला पहिला नंबर कोणाचा असायचा, असे जुन्या माणसांना विचारले, तर ती तिच्या अब्बांचेच नाव घेतात.

कामाचा व्याप वाढला म्हणजे फार वाढला असे नाही. एका हंगामाला सहाशे-सातशे बाटल्या, मुठेल, आमसुले. चार बायकांना दोन महिने रोज. आमचे अडीच हजार तिने दुसऱ्या वर्षीच परत केले, पावती मागून घेतली. अठरा पुरी होईपर्यंत अन्न परवाना आणि बाकीचे कागद आईच्या नावावर होते, कारण अज्ञानाने केलेला करार कायद्याला मान्य नाही. आईला सही करता येत होती, वाचता येत नव्हते. प्रत्येक कागद मुलीने तिला मोठ्याने वाचून दाखवला. अठरा झाल्यावर तिने कागद स्वतःच्या नावावर केले, पण आईचे नाव काढले नाही. भागीदार म्हणून ठेवले, वाटा लिहून.

आता तिचे म्हणणे असे, की पडवीचे भाडे ठरवून द्या. मालक म्हणतात, 'भाडे कसले, आपलीच पोर.' ती ऐकत नाही. जागा फुकट धरली तर बाटलीचा भाव खोटा पडतो, आणि उद्या जागा गेली की सगळा धंदा बसतो, म्हणून तिला कराराचा कागद हवा आहे. तो करायला बसल्यावर कळले की घरपट्टीच्या उताऱ्यावर नावे सात आहेत. एक कुवेतला, दोघे मुंब्र्याला, एक बहीण पनवेलला, तिघे आफ्रिकेत. सध्या ती रोज इशाच्या नमाजानंतर त्यांतल्या एकेकाला फोन लावते आहे. चार तयार झाले आहेत. पाचव्याने विचारले, 'तू कोणाची गं?'